डांबरगोळीचा वास येणारी जमीन

डांबरगोळीचा डांबराशी काय संबंध, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पण नाव अगदी अचूक आहे: गोळीतलं नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढलं जायचं. दगडी कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागेवर विद्यार्थ्यांसाठी उंच वसतिगृह बांधायचं ठरलं, की तपासणीसाठी बाहेर काढलेल्या मातीला अनेकदा तोच वास येतो. वर विटांचे तुकडे आणि राख, त्याखाली काळा चिकट पट्टा, त्याच्याही खाली स्वच्छ चिकणमाती. मला तर इमारतीचा अर्धा आराखडा या तीन थरांतच दिसतो.

शहरातली अशी जागा बहुधा अरुंद असते आणि खोल्या हव्यात शेकडो, म्हणजे उंच जाणं आलं. वाऱ्याचा दाब तेवढाच धरला तरी उंची दुप्पट झाली की इमारत उलथवू पाहणारा जोर बुडाशी चौपट होतो. बूड अरुंद असेल तर वाऱ्याच्या बाजूचे पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेले खांब, चक्क वर उपटले जाऊ शकतात. म्हणून ते खोल न्यायचे, आणि खरा पेच इथेच आहे. वरची घाण आजवर चिकणमातीनं अडवून धरलेली असते. तिला आरपार भोक पडलं की बेंझीनसारख्या विषारी द्रव्यांना भूजलापर्यंत वाट मिळते. त्यावर उपाय असा: आधी मोठ्या व्यासाचा पोलादी नळ चिकणमातीत घट्ट रुतवायचा, त्याच्या आतली दूषित माती उपसायची, आणि मगच त्यातून कमी व्यासाचं भोक खाली न्यायचं. काम वेळखाऊ आहे, पण इथली घाई मला अक्षम्य वाटते. एकदा नासलेलं भूजल निवळायला दशकं लागू शकतात.

इमारत हलकी असेल तर पाइलही कमी लागतात आणि दूषित मातीही कमी उपसावी लागते. इथे वसतिगृहाच्या एकसारख्या खोल्या कामी येतात. पोलादी सांगाड्याच्या खोल्या, न्हाणीघरासकट, कारखान्यातच तयार करता येतात. लंडनच्या वेम्बली भागातलं 29 मजली अपेक्स हाउस 2017 साली असंच उभं राहिलं. जिना आणि लिफ्टचा गाभा काँक्रीटचा, त्याच्याभोवती रचलेल्या खोल्या. वाऱ्याचा जोर पेलतो तो गाभाच. अरुंद जागेत खोल्या साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक खोली ट्रकवरून थेट तिच्या मजल्यावर जाते. क्रेनही अशी निवडतात की तिचा हात उभा करून जवळ घेता येईल आणि शेजारच्या छपरांवरून फिरणार नाही.

आणखी एक धोका असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या भरावातला कचरा कुजून मिथेन तयार होतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की एक ठिणगी स्फोटाला पुरते, आणि वर तर शेकडो मुलं झोपलेली असतात. त्यासाठी तळमजल्याखाली हवा खेळती राहील अशी पोकळी ठेवतात आणि तिच्यावर गॅस अडवणारा पडदा पसरतात. पडदा फसतो तो बहुधा पाइप त्यातून वर येतात तिथे. म्हणून प्रत्येक पाइपाभोवती हातानं कॉलर बसवायची, सांधा बोटांनी चाचपायचा, नीट तपासायचा. नंतर त्यावर काँक्रीट पडतं, आणि तो सांधा पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही.