देवाजवळचं गाऱ्हाणं आणि देवाविरुद्धची कुरकुर

घरातलं माणूस गेलं, नोकरी सुटली, दुखणं हटेना, आणि ख्रिस्ती विश्वासणाऱ्याच्या तोंडून "देवा, असं का केलंस?" निघालं की मंडळीतलं कुणीतरी हमखास दटावतं: "असं बोलू नये. इस्राएल लोकांनी कुरकुर केली, त्यांचं काय झालं ठाऊक आहे ना?" हेतू चांगलाच असतो. पण गाऱ्हाणं आणि कुरकुर यांची इथे गल्लत होते, आणि आधीच दुखावलेला माणूस प्रार्थनाच सोडून देतो. याचं मला फार वाईट वाटतं.

फरक बघायचा तर बायबलमधल्या गणना पुस्तकाचा ११वा अध्याय उघडावा. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून देवाने सोडवलेल्या इस्राएल लोकांची ही गोष्ट. रानात रोज मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळतोय, तरी लोक मांसासाठी रडताहेत. मिसरात फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, सगळं त्यांना आठवतं. तिथली गुलामी मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. जो तो आपल्या तंबूच्या दाराशी रडत बसलाय, आणि ज्याने बाहेर काढलं त्याच्याशी कुणी बोलत नाही.

त्याच मांसावरून त्यांचा पुढारी मोशेही वैतागतो. त्याची भाषा लोकांपेक्षा सौम्य आहे असं मुळीच नाही. या लोकांना मी जन्म दिला का? एवढ्यांना पुरेल इतकं मांस कुठून आणू? हे ओझं मला एकट्याला उचलवत नाही, असंच वागवायचं असेल तर मला मारूनच टाक! हे सगळं तो थेट परमेश्वराला ऐकवतो. परमेश्वर त्याला गप्प करत नाही. ओझं वाटून घ्यायला लोकांतले सत्तर वडीलधारे जमव, असं सांगतो. लोकांना मात्र लावे पक्षी मिळतात आणि त्यापाठोपाठ पीडा येते.

तेव्हा आवाज किती चढला, शब्द किती कडू होते, यावरून काही ठरत नाही. बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे लोकांना आठवण करून देतो की, परमेश्वर आमचा द्वेष करतो म्हणूनच त्याने आम्हाला मिसरातून काढलं, असं तुम्ही तंबूत बसून म्हणालात. तिथे निकाल आधीच लागलेला आहे, देवाला विचारायचं काही उरलेलंच नाही. गाऱ्हाणं घालणारा अजून उत्तराची वाट पाहत असतो.

स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या, १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश अशीच गाऱ्हाणी आहेत. १३वं स्तोत्र "कोठवर?" असं पुन्हा पुन्हा विचारतं आणि शेवटी गाण्याकडे वळतं. ८८वं वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणून गाऱ्हाण्याचा शेवट स्तुतीने झालाच पाहिजे, ही अटही मला पटत नाही. वधस्तंभावर येशूने २२व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, तीसुद्धा "का?" असाच प्रश्न आहे. सगळं गमावून देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या गोष्टीत तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवरच देव रागावतो.

आपलं स्वतःचं तपासायचं तर एक गोष्ट पाहावी: मी हे देवाला सांगतोय, की देवाबद्दल दुसऱ्याला? प्रार्थनासभेत "देव चांगला आहे" अशी साक्ष द्यायची आणि घरी चहा घेता घेता "देवाने आपल्याला टाकलंय" असं ठरवून बोलायचं, ही कुरकुरच. ती सभ्य आवाजात होते, म्हणून ओळखू येत नाही इतकंच. ओळखू आली की तेच वाक्य उचलून देवापुढे मांडता येतं, "तू मला टाकलंस का?" असं विचारून.

दुःखाच्या घरी प्रार्थनेला गेलो की आपण बहुधा २३वं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", वाचतो. ते जरूर वाचावं. पण त्या घरातल्या माणसाला स्वतःचे शब्द सापडत नसतील, तर ८८वंही वाचावं, आणि त्याला घाईघाईने सांत्वनाची चार वाक्यं जोडू नयेत.