बांडगूळ छाटण्याआधी आमरी ओळखा

आंब्याच्या किंवा मोहाच्या जुन्या झाडावरचे बांडगूळ काढायला आमची माणसे आपल्या मळ्यात येतात, तेव्हा त्याच फांदीवरची आमरी, म्हणजे आपल्याकडचे रानटी ऑर्किड, 'तेही काढून टाका' म्हणून खरवडायला सांगितली जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे आणि त्याचे आम्हाला वाईट वाटते. आमरी झाडाचा रस शोषत नाही; तिला फक्त बसायला साल लागते.

प्रथम फांदीशी पाहावे. बांडगूळ जेथे झाडाला जुळते तेथे फुगीर गाठ असते. आमरीला अशी गाठ नसते. तिची जाड, रुपेरी मुळे सालीवरून पसरलेली असतात आणि त्यांवर ओंजळभर पाणी टाकले की थोड्याच वेळात ती हिरवी दिसू लागतात.

व्हँडा टेसेलाटा या आमरीची पाने पट्ट्यासारखी, मधोमध दुमडलेली आणि दोन ओळींत असतात. पानाचे टोक मात्र निमुळते नसून उंदराने कुरतडल्यासारखे असते. 'सीतेची वेणी' या दुसऱ्या आमरीचे पानही साधारण असेच, पण त्यावर फिकट उभ्या रेघा दिसतात.

खरी खात्री बोंडावरून पटते. बांडगुळाला गरयुक्त, चिकट फळ येते, तर आमरीला कोरडे, उभ्या कंगोऱ्यांचे बोंड येते आणि कोवळे असताना त्याच्या टोकाला सुकलेल्या फुलाचा अवशेष चिकटलेला असतो. व्हँडाचे बोंड बोटासारखे लांबट, तर सीतेच्या वेणीची बोंडे आखूड आणि एकाच दांड्यावर बरीच असतात. कापसाचे बोंड टोकाकडून उमलते. आमरीचे दोन्ही टोकांना जुळलेलेच राहून बाजूंनी चिरते आणि लहान कंदिलासारखे दिसते. आत सरकी नव्हे, पिठासारखी धूळ असते, आणि तीच बी होय. एका बोंडात हजारो बिया असल्या तरी त्यांच्यात अन्नसाठा नसल्याने योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय त्या रुजत नाहीत; म्हणून खरवडलेली आमरी सहजासहजी परत येत नाही.

शंका असल्यास पानाचे टोक, मुळे आणि बोंड यांची छायाचित्रे, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, छाटणीआधी आम्हाला पाठवावीत. आमरी आढळल्यास त्या फांदीला आम्ही लाल सुतळी बांधतो आणि तेथे कोयता चालवत नाही. फांदी तोडणे अटळच असेल, तर सालीच्या तुकड्यासह आमरी काढून पावसाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या झाडावर सावलीत बांधून देतो. यावल, पाल किंवा तोरणमाळच्या जंगलातून आणलेली रोपे मात्र आम्ही लावून देत नाही; राखीव वनातून विनापरवाना रोप आणणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.