फराळाचं पार्सल आणि ‘भेट’ हा रकाना

२०२५ च्या ऑगस्टअखेर भारतातून अमेरिकेला टपालाने जाणारी पार्सलं थांबली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. वसुबारस होती १७ तारखेला. म्हणजे टपालाच्या वाटेने त्या वर्षीचा फराळ दिवाळीत पोचणं शक्यच नव्हतं. ज्यांना परवडलं त्यांनी खासगी कुरिअर धरलं; बाकीच्यांच्या चकल्या घरीच संपल्या. बातम्यांत हे सगळं ‘टॅरिफ’च्या नावाखाली आलं. पण खरी गाठ आहे ती पार्सलावर चिकटवायच्या कागदातल्या एका रकान्यात.

तो कागद म्हणजे देशोदेशींच्या टपालखात्यांनी मिळून ठरवलेला कस्टमचा फॉर्म, सीएन २२, आणि पार्सल मोठं किंवा महाग असेल तर सीएन २३. देशोदेशींच्या टपालखात्यांचा पहिला करार १८७४ मध्ये बर्नला झाला, भारत त्यात १८७६ मध्ये सामील झाला आणि पार्सलांसाठी वेगळा करार १८८० मध्ये पॅरिसला झाला. मांजरपाटात शिवून, लाखेचे ठिपके देऊन पार्सल पाठवायचो तेव्हाही आत काय आहे नि केवढ्याचं आहे हे पाठवणाऱ्यानेच लिहून द्यायचं होतं, आजही तसंच आहे. फॉर्मवर पाठवण्याचं कारणही विचारतात: भेट, कागदपत्रं, व्यापारी नमुना, विक्रीचा माल, परत जाणारा माल, इतर. आपल्या घरांतून जाणाऱ्या पार्सलांवर जवळजवळ नेहमी ‘भेट’वर खूण असते.

आपल्या बोलण्यातली भेट आणि कस्टमच्या कायद्यातली भेट यांत मात्र बरंच अंतर आहे. अमेरिकेच्या नियमानुसार भेट म्हणजे परदेशातल्या एका व्यक्तीने अमेरिकेतल्या दुसऱ्या व्यक्तीला मोबदला न घेता पाठवलेली वस्तू. साताऱ्याहून आईने मुलीला पाठवलेले लाडू ही भेट. मुलीनेच पुण्याच्या दुकानाला पैसे भरून स्वतःच्या पत्त्यावर मागवलेले लाडू ही खरेदी. खोक्यावर कितीही प्रेमाचा मजकूर असला तरी. अशा भेटीवर आयात शुल्क लागत नाही, पण मर्यादा आहे एका व्यक्तीला एका दिवशी १०० डॉलरची. एकाच खोक्यात दोघी बहिणींच्या वस्तू असतील तर त्या वेगवेगळ्या गुंडाळून वर ज्याचं-त्याचं नाव लिहावं लागतं, म्हणजे मर्यादा प्रत्येकीची वेगळी धरतात. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्ही वर्षानुवर्षं सगळं एकाच डब्यात कोंबत आलो.

खाण्याच्या पदार्थांना आणखी एक पदर आहे. २००३ च्या डिसेंबरपासून अमेरिकेत येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना द्यावी लागते. त्यातून एक सवलत आहे: माणसाने स्वतःच्या घरी केलेला आणि त्यानेच भेट म्हणून पाठवलेला पदार्थ. नियमाचे शब्द नेमके वाचले तर आजीच्या हातचे अनारसे त्यात बसतात, बचत गटाकडून विकत आणलेली भाजणीची चकली बसत नाही. दोन्ही एकाच डब्यात, एकाच मायेने भरलेल्या.

आता सवलतीचा इतिहास. कमी किमतीच्या मालावर शुल्क वसूल करण्याचा खर्चच जास्त होतो, म्हणून अमेरिकेने १९३८ मध्ये कायद्यात सूट घातली: भेटीला ५ डॉलर, इतर मालाला १ डॉलर. म्हणजे त्या वेळी भेटीला पाचपट मान होता. १९९३ मध्ये हे उलटलं. भेटीची मर्यादा १०० झाली आणि साध्या मालाची २००. २०१६ मध्ये साध्या मालाची मर्यादा ८०० डॉलरवर गेली, भेटीची १०० वरच राहिली. त्यामुळे ‘भेट’वर केलेली खूण शुल्कापुरती निरर्थक झाली. फराळाचं कुठलंही खोकं तसंही ८०० च्या आतच. आपण सवयीने खूण करत राहिलो, आणि तिचा अर्थ कुणी विचारला नाही.

त्या ८०० च्या दारातून मुख्यतः आत गेला तो चिनी ऑनलाइन दुकानांचा माल. अशा पार्सलांची वर्षाची संख्या २०१५ मधल्या सुमारे १४ कोटींवरून २०२४ मध्ये १३६ कोटींच्या वर गेली. आपल्याकडेही याच दुकानांनी हेच केलं होतं, फक्त इथे त्यांनी ‘भेट’ हाच रकाना वापरला. कपडे, घड्याळं, मोबाइलची कव्हरं ‘गिफ्ट’ म्हणून येऊ लागली. मग १२ डिसेंबर २०१९ ला भारताने पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या मालाची सवलतच बंद केली. अपवाद जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. राखी चालेल, राखीबरोबरची भेटवस्तू नाही. बाकी काही पाठवायचं तर पूर्ण शुल्क भरून. २०२१ च्या कोविड लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागवता यावेत म्हणून ही बंदी ३१ जुलैपर्यंत तेवढ्यापुरती सैल करावी लागली. व्यापाऱ्याने केलेल्या लबाडीची शिक्षा भावाला-मुलाला, हे मला तेव्हाही पटलं नाही.

अमेरिकेने ३० जुलै २०२५ ला आदेश काढून ८०० डॉलरची सूट २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी थांबवली. १०० डॉलरची भेट मात्र वाचली. आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून पार्सलं थांबवताना पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी वगळल्याही होत्या. आठवडाभरात तो अपवादही गेला, अगदी पत्रंसुद्धा थांबली. शुल्क कोणी गोळा करायचं, कोणी भरायचं हे अमेरिकेने वेळेत स्पष्ट केलं नव्हतं आणि विमान कंपन्या टपालाच्या थैल्या घ्यायला तयार नव्हत्या. सूट कायद्यात शाबूत होती, ती वाहून नेणारं कोणी नव्हतं. या निर्णयाचं समर्थन करणारे म्हणतात की, पार्सलं तिकडे अडकून परत येण्यापेक्षा इथेच थांबलेली बरी. ते मान्य. पण महिनाभराच्या मुदतीत जगभरच्या टपालखात्यांवर वसुलीचं काम टाकणं, यात घरगुती पार्सलांचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

१५ ऑक्टोबरपासूनची पद्धत अशी ठरली: जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी भरायचं, १०० डॉलरपर्यंतच्या भेटीला शुल्क नाही. सतरा-अठरा वर्षं ज्या रकान्यात मी न बघता खूण करत आलो, त्यावर त्या वेळी निम्म्या किमतीएवढं शुल्क अवलंबून होतं. नोव्हेंबरात बहिणीसाठी पार्सल केलं तेव्हा ‘स्वीट्स’ एवढाच शब्द खोडून नव्याने लिहिलं: बेसनाचे लाडू, घरी केलेले, एक किलो. मेतकूट, घरी केलेलं, अर्धा किलो. भाचीचा फ्रॉक वेगळा गुंडाळला, वर तिचं नाव घातलं, आणि मग ‘भेट’वर खूण केली.