नाताळचं झाड, गोठा आणि पुणे

पर्यावरणपूरक नाताळ म्हटलं की पहिला वाद झाडावरून होतो: खरं आणायचं की प्लॅस्टिकचं? हा वाद वाटतो तितका नवा नाही. सोळाव्या शतकात आल्सास (आताच्या फ्रान्समधला प्रदेश) आणि जर्मन मुलखात घरात सूचिपर्णी झाड सजवायची चाल पडली. पुढे दर नाताळला एवढी कोवळी झाडं तुटू लागली की एकोणिसाव्या शतकात तिथल्याच कारागिरांनी हंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेवर गुंडाळून झाड तयार केलं. कृत्रिम झाडाचा जन्म असा जंगलाच्या काळजीतून झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पिसांची जागा पीव्हीसी या प्लॅस्टिकनं घेतली ती विसाव्या शतकात, आणि मूळ हेतू तिथेच सुटला.

ब्रिटनमध्ये झाड घरोघरी पोहोचलं ते 1848 नंतर. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र त्या वर्षी लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं होतं. पुण्यातला नाताळ त्याहून जुना आहे. पेशव्यांच्या सैन्यातल्या, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी सवाई माधवरावांच्या काळात, 1792 मध्ये, क्वार्टर गेटजवळच्या चर्चला जागा मिळाली. लष्करातलं सेंट मेरीज 1825 चं. म्हणजे झाडाची फॅशन येण्याआधीच इथे नाताळ साजरा होत होता.

गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत सणाच्या केंद्रस्थानी असतो गोठा. संत फ्रान्सिसनं 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत टाकलेली गव्हाण आणि खरे बैल-गाढव उभे करून येशूजन्माचा देखावा केला, तिथून ही परंपरा पसरली. आपल्याकडे त्याला अस्सल शेतकरी वळण मिळालं. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी ताटलीत माती पसरून भिजवलेली नाचणी किंवा गहू पेरायचे, रोज पाण्याचा हबका मारायचा; पंचवीस तारखेला बोटभर कोंब येतात आणि गोठ्यापुढे कुरण तयार होतं. घटस्थापनेला घरात धान्य उगवणाऱ्यांना यातलं काहीच शिकवावं लागणार नाही. वर पेंढ्याचं छप्पर, मातीची चित्रं, दारात कामट्या आणि रंगीत कागदाची चांदणी. ही चांदणीसुद्धा मूळची कागदाचीच: 1830 च्या दशकात जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमितीच्या तासाला मुलांकडून ती करून घेत.

मग थर्माकोलचा बर्फ आला, चमकी आली, चकचकीत झालरी आल्या. राज्यानं मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी घातली, 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. कॅथलिक चर्चमध्येही 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी वसुंधरेच्या काळजीवर परिपत्रक काढल्यावर या विषयाला धर्माचा आधार मिळाला. पीव्हीसीचं झाड मात्र बंदीबाहेरच राहिलं.

झाड हवंच असेल तर पुण्यातल्या नर्सरीत कुंडीतलं अरोकेरिया मिळतं. ते मूळचं प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं, पण इथल्या हवेत चांगलं रुजतं. सण झाला की पुन्हा गॅलरीत ठेवायचं, पुढच्या वर्षी तेच वीतभर उंच झालेलं असतं. सुरूची फांदी तोडून आणायचा मोह मात्र टाळावा. शहरातल्या झाडांना 1975 च्या वृक्ष कायद्याचं संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

घरात आधीच प्लॅस्टिकचं झाड असेल तर ते टाकून नवं 'इको-फ्रेंडली' आणणं हा मला शुद्ध अपव्यय वाटतो. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार दोन मीटरच्या अशा झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून ते निदान दहा-बारा नाताळ तरी वापरायला हवं. शिवाय पीव्हीसीची पाती तारेत इतकी घट्ट पिळलेली असतात की भंगारात ती वेगळी करणं अवघड, आणि असं झाड शेवटी कचरा डेपोतच जातं. वाकलेल्या फांद्या हातानं सरळ करून, खोक्यात नीट घालून माळ्यावर ठेवलं तर ते सहज टिकतं.