पिपलिया कलांचा दगड: एवढ्याशा लघुग्रहाला वितळवलं कुणी?

२० जून १९९६ ला राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, पिपलिया कलां गावी अशनी पडला. (बोलताना आपण सरसकट 'उल्का' म्हणतो, जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी.) आतून तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा भाऊबंद निघाला: बेसॉल्ट, म्हणजे गोठलेला लाव्हा. फक्त दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा साडेचारशे कोटींहून जुना.

अशा अशनीला युक्राइट म्हणतात. युक्राइटचे तुकडे आणि खोलवर गोठलेल्या अग्निज खडकांचे तुकडे एकत्र चेचले गेले की होतो हॉवर्डाइट. १९९४ मध्ये राजस्थानातल्याच लोहावटला पडला तो असाच. हे नाव ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांचं. बनारसजवळ १७९८ मध्ये पडलेल्या दगडांचं पृथक्करण त्यांनी १८०२ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. १९७० मध्ये व्हेस्टा या लघुग्रहाचा वर्णपट (त्यावरून परतणाऱ्या प्रकाशातल्या रंगांची मांडणी) युक्राइटशी जुळला, आणि या दगडांचं माहेर बहुतेक ठरलं.

पण व्हेस्टाचा व्यास जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर. बशीतला चहा लवकर निवतो, तसा छोटा पिंडही. युरेनियम-थोरियमच्या किरणोत्साराची ऊब फार संथ. मग वितळला कशाने? १९५५ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी यांनी किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम-२६ कडे बोट दाखवलं. त्याचा अर्धायुकाळ (निम्मा साठा संपायला लागणारा काळ) साधारण ७ लाख वर्षं, त्यामुळे तेव्हाचा कणही आज उरलेला नाही. उरलंय ते त्यातून झालेलं मॅग्नेशियम-२६. मेक्सिकोत १९६९ मध्ये पडलेल्या आयेंदे अशनीतल्या पांढुरक्या खड्यांत ते १९७६ मध्ये सापडलं. पण ते खडे कुठल्या वितळलेल्या पिंडाचा भाग नव्हतेच. आरोपी गावात होता एवढंच सिद्ध झालं, घटनास्थळी नाही.

तो पुरावा पिपलिया कलांने दिला. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी त्यातलं प्लॅजिओक्लेज हे खनिज तपासलं. निवड नेमकी होती. त्यात अ‍ॅल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम नावापुरतं, म्हणून वरकड मॅग्नेशियम-२६ लपत नाही. ते होतं. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मोजक्या दशलक्ष वर्षांत पिंड वितळून पुन्हा गोठलाही होता. जे पिंड उशिरा जमले त्यांच्या वाट्याला हे इंधन फारसं उरलंच नाही. ते कच्चेच राहिले.

२०२० मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात 'एर्ग शेश ००२' सापडला. हा अँडेसाइट, म्हणजे बेसॉल्टहून जास्त सिलिका असलेला गोठलेला लाव्हा; वय सुमारे ४५६.५ कोटी वर्षं, म्हणजे व्हेस्टाच्या बेसॉल्टहूनही जुना. अभ्यासकांनी लघुग्रहांचे वर्णपट धुंडाळले. याच्याशी जुळणारा एकही मिळाला नाही.