गिनीपिगचे खाद्य, क जीवनसत्त्व आणि ॲड्रिनल ग्रंथी
(ॲनिमल हाऊस सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

कंट्रोल गटातल्या, म्हणजे औषध न दिलेल्या, गिनीपिगचीही ॲड्रिनल (मूत्रपिंडावरची ग्रंथी) वजनाला जास्त भरत असेल, तर औषधाच्या डोसवर शंका घेण्याआधी खाद्याच्या पोत्यावरची उत्पादनाची तारीख वाचा. जुन्या खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडले की ग्रंथी बदलतात. तो बदल औषधाच्या खात्यावर मांडला गेला, तर जनावरांचे जीव आणि विद्यार्थ्याची मेहनत, दोन्ही वाया जातात.

गिनीपिगच का?

रॅट आणि माईस क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. गिनीपिगकडे, माणसासारखेच, त्यासाठी लागणारे शेवटचे एन्झाइम नसते. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग) होते हे दाखवले, ते याच कारणाने घडले.

शरीरात या जीवनसत्त्वाचे प्रमाण ज्या अवयवांत सर्वांत जास्त, त्यांत ॲड्रिनल येते. शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ च्या सुमारास ते वेगळे केले, तेही गुरांच्या ॲड्रिनलमधून. डोपामिनचे नॉरॲड्रिनलिन हे संप्रेरक करणाऱ्या एन्झाइमला हे जीवनसत्त्व लागते. पुरवठा तुटला की ग्रंथीतला साठा उतरतो, ग्रंथी मोठी होते, तिच्यात रक्तस्रावही होतो. सांधे सुजणे, हालचाल टाळणे, वजन घटणे ही लक्षणे साधारण दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात.

रॅटही सर्वस्वी सुरक्षित नाहीत. पँटोथेनिक आम्ल (एक ब जीवनसत्त्व) न मिळालेल्या रॅटच्या ॲड्रिनलमध्ये रक्तस्राव होतो, पेशी मरतात. ई किंवा अ जीवनसत्त्व दीर्घकाळ न मिळाल्यास वृषण खराब होतात.

उपासमार की कमतरता?

ग्रंथीतला बदल उपासमारीने झाला की जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, हा प्रश्न आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी पुढे आला. तमिळनाडूतल्या कुन्नूरला संशोधक मॅककॅरिसन यांनी ॲटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेत तापवलेल्या) सडीक तांदळावर कबुतरे ठेवली. थायमस (प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी) आणि वृषण आक्रसले, ॲड्रिनल मात्र वाढली. पण अशा आहारावरची कबुतरे खाणेच सोडतात, आणि नुसत्या उपासमारीनेही ॲड्रिनल वाढते. म्हणून कमतरतेच्या प्रयोगात जोडीचा गट ठेवाच: कमतरतेच्या गटाने काल जेवढे खाल्ले, तेवढेच, पण परिपूर्ण खाद्य या गटाला आज द्यायचे. या गटाशिवाय काढलेला निष्कर्ष आम्हाला तरी अपुरा वाटतो.

खाद्य जपताना

गिनीपिगला रोज किलो वजनामागे सुमारे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, गाभण मादीला त्याहून बरेच जास्त. साधे (टिकाऊ न केलेले) क जीवनसत्त्व घातलेले पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, उत्पादनापासून ९० दिवसांत संपवा. ही मुदत थंड, कोरड्या खोलीत ठेवलेल्या मालाची आहे. विदर्भातला मे महिना किंवा कोकणातला पावसाळा सोसलेल्या पोत्याला ती लावू नका. पोते जमिनीवर नको, फळीवर ठेवा. उघडल्यावर तोंड घट्ट बांधा.

रॅटचे किंवा सशाचे पेलेट गिनीपिगला कधीही चालवून घेऊ नका, चार दिवसांची अडचण असली तरीही. खाद्य ॲटोक्लेव्ह करणार असाल तर ऑर्डर देतानाच सांगा. वाफेच्या उष्णतेत क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, म्हणून अशा मालात ते सुरुवातीलाच वाढवून घालावे लागते. क जीवनसत्त्व पाण्यातून देत असाल तर द्रावण रोज ताजे करा.

ग्रंथींबाबत शंका आली, तर त्याच पोत्यातले थोडे पेलेट हवाबंद पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा आणि बॅच क्रमांकासह आम्हाला कळवा. पोते कधी उघडले तेही लिहा.