शॉकअपचं घराणं

दिवाळी झाली की इंदूरच्या गाडीवेड्या मंडळींत एक ठरलेला विषय निघतो. पाऊस सरलेला असतो, चोरल, जानापाव, मांडूकडच्या कच्च्या वाटा वाळून दगडासारख्या झालेल्या असतात. अशा वेळी ज्याच्या दारात पिकअप उभी आहे तो हमखास विचारतो, "मागून फार उडते रे, कुठले शॉकअप टाकू?" यंदा हा प्रश्न राजेंद्रनगरातल्या माझ्या मावसभावाचा होता. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस. चार नावं सांगून मोकळं होता आलं असतं. पण बाजारात बाहेरचे म्हणून जे शॉकअप मिळतात ते वेगवेगळ्या मुलखांत, वेगवेगळ्या रस्त्यांसाठी घडलेले आहेत. तो इतिहास ठाऊक नसेल तर माणूस रंग आणि डबा बघून पैसे मोजतो.

आधी शब्दाचं. पुण्या-मुंबईकडचा माणूस शॉकअप म्हणतो, आमचा ट्रान्सपोर्ट नगरातला मिस्त्री शॉकर म्हणतो. दोन्ही शब्दांनी एकच गैरसमज पसरवलाय. दणका झेलते ती स्प्रिंग किंवा पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. गाडीचं वजनही तेच पेलतात. दणका झेलल्यावर स्प्रिंग वरखाली झुलत राहते, ते झुलणं आवरायचं काम शॉकअपचं. म्हणूनच "गाडी मागून बसली, शॉकअप बदलतो" म्हणणाऱ्याचे पैसे बहुधा वाया जातात. गाडी बसली असेल तर पाटे बघायचे.

पाटे मोटारीपेक्षा जुने. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटनं घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं ते १८०४ साली. एकावर एक ठेवलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच झुलण्याचा बराचसा जोर मुरतो. टांग्याच्या वेगाला तेवढं पुरत होतं. आजच्या व्ही-क्रॉसच्या किंवा टोयोटाच्या हायलक्सच्या मागच्या धुऱ्याखाली वाकून बघा, पाट्यांचा गठ्ठा तिथे आजही आहे. पुढे मात्र कॉइल स्प्रिंग आणि डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी दांडे. एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या भागात शंभर वर्षांचं अंतर आहे म्हणा ना.

मोटार आली, वेग वाढला आणि पाट्यांचं घासणं अपुरं पडू लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या माणसानं कात्रीसारखे दोन दांडे आणि त्यांच्या सांध्यात दाबून बसवलेल्या चकत्या असा घर्षणाचा शॉकअप केला. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डनं तोच विकायला काढला. क्लीव्हलंडचा क्लॉड फॉस्टर आधी मोटारीचे भोंगे विकायचा. त्यानं पट्ट्याची गुंडाळी वापरून चाक परत उसळताना आवरणारं साधन काढलं, आणि त्याच्या गेब्रियल कंपनीचं नाव पुढे शॉकअपशी जोडलं गेलं. हे सगळं ठीक होतं, पण घर्षणात एक मोठी खोट आहे. धक्का हळू असो वा जोराचा, चकती जवळजवळ सारखाच विरोध करते. छोट्या खड्ड्यात गाडी ताठ राहते आणि मोठ्या खड्ड्यात विरोध कमी पडतो.

तेलाचं तसं नाही. बारीक भोकातून तेल हळू ढकललं तर सहज जातं, जोरात ढकललं तर अडतं. डोसा लावायच्या आधी पिठाच्या पिशवीचा कोपरा कापून हळू आणि जोरात दाबून बघा, लगेच कळेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोरिस हूदाय या फ्रेंच माणसानं तेलावर चालणारा, दांडा हलवला की आत पाती फिरणारा शॉकअप केला. १९२८ची फोर्ड मॉडेल ए गाडी हूदायचे शॉकअप घेऊन आली, तेव्हापासून तेल ही श्रीमंतांची चैन उरली नाही. पुढे फिरत्या पात्यांची जागा सरळ नळीनं घेतली. आज आपण शॉकअप म्हणून ओळखतो ती हीच नळी.

या नळीचे दोन प्रकार, आणि निवडीचा अर्धा घोळ इथेच आहे.

पहिली दुहेरी नळी. आतल्या नळीत दट्ट्या, भोवती बाहेरची नळी, दोन्हींच्या मध्ये जास्तीचं तेल आणि वर थोडी हवा. स्वस्त, टिकाऊ, कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत हीच. अडचण अशी की खराब रस्त्यावर तासभर दट्ट्या वरखाली झाला की तेल तापतं आणि हवा तेलात मिसळते. रवीनं ताक घुसळावं तसा आत फेस होतो. फेस भोकातून फुकट निघून जातो, विरोध उरत नाही. गाडी सकाळी चांगली चालते आणि दुपारी होडीसारखी डुलायला लागते, त्याचं कारण हे. हवेच्या जागी कमी दाबाचा नायट्रोजन भरला की फेस उशिरा होतो, एवढाच फरक.

दुसरी एकेरी नळी. फ्रान्सच्या ख्रिस्तियां बुर्सिये द कार्बोंनं तेल आणि वायू यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या घालून दोघांना कायमचं वेगळं केलं. वायू भरपूर दाबाचा, त्यामुळे फेस होणं अवघड. तेलाच्या नळीला थेट वारा लागतो, म्हणून ती लवकर निवतेही. जर्मनीच्या बिल्स्टाइननं ही कल्पना घेतली आणि १९५७ साली मर्सिडीजच्या गाड्यांत असे शॉकअप लागले. एकेरी नळीत दट्ट्याही मोठा बसतो. ३५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेनऊ चौरस सेंटिमीटरच्या आसपास, ४६ मिलिमीटरचं साडेसोळाच्या वर. जवळजवळ पावणेदोन पट. मोठा दट्ट्या कमी दाबात तेवढंच काम करतो.

मग सगळ्यांनी एकेरीच का घेऊ नये? याचं उत्तर मला जानापावच्या उतारावर मिळालं. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या एकेरी शॉकअपवर चाकानं उडवलेला काळा दगड लागला. पोचा केवढा, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पण एकेरीत बाहेरची नळी म्हणजेच दट्ट्याची वाट. दट्ट्या त्या पोच्यापाशी येऊन अडकला आणि मागचं एक चाक जणू दगडावर बांधल्यासारखं झालं. तसंच ठणठणत महूपर्यंत आलो. दुहेरी नळी असती तर बाहेरचं कवच थोडं दबलं असतं आणि आतला कारभार चालू राहिला असता. आमच्या माळव्याच्या कच्च्या वाटा बेसॉल्टच्या धारदार खडीनं भरलेल्या आहेत, म्हणून मी हा मुद्दा फार धरून ठेवतो. एकेरी घ्यायचाच तर दांडा खाली, जाड नळी वर, अशा मांडणीचा किंवा दगडापासून आडोसा असलेला घ्यावा.

आता बाहेरच्या शॉकअपची मुख्य घराणी.

एक अमेरिकेच्या नैर्ऋत्येचं, वाळवंटातलं. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ साली मेक्सिकन १००० नावाची शर्यत झाली, तीच पुढे बाहा १००० म्हणून गाजली. वाळू, खडक, शंभराच्या वर वेग आणि तासन्‌तास थांबा नाही. साधे शॉकअप काही मैलांत तापून निकामी व्हायचे, म्हणून सुरुवातीचे लोक एकेका चाकाला दोन-दोन, तीन-तीन बांधायचे. त्यातून एक जाड शॉकअप आणि बाजूला तेल-वायूचा वेगळा डबा, अशी रचना आली. डब्यात तरंगता दट्ट्या गेला की मुख्य नळीत लांबी मोकळी होते आणि तेलही वाढतं. मग बायपास आला. दट्ट्या मधल्या टप्प्यात असताना तेलाला आडवाटेनं जाऊ द्यायचं, टोकाला आला की वाट बंद. असे शॉकअप करणाऱ्या कंपन्यांत फॉक्स १९७४ची, किंग १९९३ची. २०१०च्या फोर्ड रॅप्टर या पिकअपमध्ये फॉक्सचे बायपासवाले शॉकअप कारखान्यातूनच लागून आले, आणि तेव्हापासून जगभरच्या पिकअपवाल्यांना तो बाजूचा डबा हवाहवासा वाटू लागला. डबा दिसतो छान, यात वाद नाही. पण हे शॉकअप ठरावीक काळानं उघडून तेल-सील बदलायचे आणि नायट्रोजन पुन्हा भरायचा, असे बेतलेले असतात. ते करायला पाठवणार कुठे, हे विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा.

दुसरं ऑस्ट्रेलियाचं. तिथला शत्रू वेगळा. शेकडो किलोमीटरचे मातीचे रस्ते, त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा, आणि गाडीत पाणी, डिझेल, तंबू, दोन चाकं असा संसार. लाटांमधलं अंतर ६० सेंटिमीटर धरा आणि वेग ताशी ६० किलोमीटर. चाक सेकंदाला २७-२८ वेळा वरखाली होतं, आणि हे तासभर चालतं. या मुलखातले ओल्ड मॅन इमू, टफ डॉग, आयर्नमॅन हे शॉकअप बऱ्याच अंशी जाड दुहेरी नळीचेच राहिले. दणकट कवच, मोठा दट्ट्या, भरपूर तेल. काहींत मधल्या पोकळीत हवेऐवजी फोम घालतात, त्यामुळे तेलात मिसळायला मोकळा वायू जवळजवळ उरत नाही. यात झगमगाट नाही, पण भरलेली गाडी घेऊन घरापासून दोन दिवस लांब असणाऱ्या माणसाचा विचार आहे.

इसुझूची डी-मॅक्स (आपली व्ही-क्रॉस तीच) आणि हायलक्स थायलंड-ऑस्ट्रेलियात रस्तोरस्ती दिसतात. व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ साली आली, हायलक्स २०२२ साली, आणि त्यांच्यामागोमाग त्या देशांतले तयार शॉकअपही. आपल्याकडची या गाड्यांची निवड अमेरिकेपेक्षा तिकडे झुकते, त्याचं कारण हे.

आणि आमचा भाग या धंद्याला अनोळखी नाही. इंदूरच्या एका बाजूला देवासला गेब्रियल इंडियाचा शॉकअपचा कारखाना. दुसऱ्या बाजूला पीथमपूर, जिथे फोर्सची गुरखा बनते आणि जिथे २०२१ साली सुरू झालेला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे. तरी इथल्या वाटांना वेगाचं वेड परवडत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या कार्तिकात वाळून टणक होतात. विंध्याचल उतरून निमाडात जाणारे घाट ताशी वीस-पंचविसाचे. इंदूर घराण्याची गायकीही अतिविलंबित लयीसाठीच प्रसिद्ध, त्याला इथले रस्ते जबाबदार नसावेत, पण योग जुळतो खरा.

म्हणून मावसभावाला मी आधी वजनकाट्यावर पाठवलं. रिकामी गाडी आणि नेहमीचा संसार भरलेली गाडी, पुढचा आणि मागचा धुरा वेगवेगळा. मागच्या हौद्यावरची कॅनपी म्हणजे टप, दुसरी बॅटरी, पाण्याचे कॅन, हत्यारं मिळून १८० किलो कायमचे निघाले. पिकअपचे पाटे भरलेल्या हौद्यासाठी केलेले असतात, रिकामी गाडी उडते ती त्यामुळे. त्याची गाडी रिकामी नसते, तरी उडत होती. म्हणजे कंपनीचे शॉकअप संपले होते. ट्रान्सपोर्ट नगरात उतरवल्यावर मिस्त्रीनं एक उभा धरून दाबला. दांडा खाली गेला, मध्ये बोटभर जागेत काहीच विरोध नाही, मग अचानक जड. सीलभोवती तेल-मातीचा काळा लेप. "ये तो खतम है, भैया," एवढंच तो म्हणाला.

त्याला गाडी दोन इंच उंच करायची उचलही हवी होती. ती करायची तर शॉकअपची लांबी त्या उंचीला जुळायला हवी, नाहीतर चाक लोंबकळताना दांडाच ताणून तुटतो. उलट फार लांब घेतला तर दणक्यात रबरी बंपस्टॉपआधी शॉकअपच तळाला टेकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि मोठी उचल त्यात अडकू शकते. मूळ लांबीचा शॉकअप म्हणजे नुसती बदली. त्यानं उचलीचा नाद सोडला.

आणखी एक, दुकानात क्वचित कुणी सांगतं. परत उसळण्याचा विरोध फार कडक असला तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला पूर्ण उघडायला वेळच मिळत नाही. प्रत्येक धक्क्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी तळाला आपटते. "कडक म्हणजे मजबूत" हा हिशोब इथे उलटा पडतो.

शेवटी मागे फोमवाले दुहेरी नळीचे दोन आले. बसवण्याआधी मिस्त्रीनं प्रत्येक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबला, पूर्ण ओढला. आडवे पडून प्रवास करताना आतल्या नळीत थोडी हवा शिरलेली असू शकते, ती निघते. पुढचे अजून थांबलेत. पुढे लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढायची चरखी, लावायचं की नाही यावर घरात एकमत नाही, आणि ते साठ-सत्तर किलो ठरल्याशिवाय पुढची कॉइल ठरत नाही.